आजीच्या पितळी डब्यात नाणी आणि एक पदक सापडलंय, काका मोडीत द्यायचं म्हणतायत, काय करू?

कृष्णाकाठची_वैशाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे चुकलंमाकलं समजून घ्या. आजी मार्चमध्ये गेली, ९१ वर्षांची होती. आता गावचं घर दुरुस्तीला काढलंय म्हणून गेल्या रविवारी माळा रिकामा केला तर शेणकुटाच्या पोत्यामागे एक पितळी डबा निघाला, पानाचा असतो ना तसा, आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली नाणी. सगळी मोजली आणि वहीत लिहून ठेवली.

तांब्याची जाडजूड ओबडधोबड २३ आहेत, एकही धड गोल नाही, काहींवर श्री राजा एवढं वाचता येतं, बाकी अक्षरं काठाबाहेर गेल्यासारखी वाटतात. चांदीचे रुपये १४, त्यातले ५ राणीछाप, बाकी राजाचे, आणि अजून एक रुपया आहे त्यावर वाघ आहे तो चांदीचा की काय कळत नाही. भोकाचे पैसे मूठभर, चवल्या-पावल्या थोड्या. एक मोठं नाणं आहे त्यावर रामदरबार आहे आणि मागे १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनी लिहिलंय. एक रुपयाच्या नोटांची चार घड्या घातलेली गड्डी. आणि एक पदक, नाण्यापेक्षा बरंच मोठं, एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, वरची कडी तुटलेली.

आता अडचण अशी की काकूने त्यातली तीन तांब्याची नाणी चिंच-मीठ लावून घासली, ती लालगुलाबी झालीत एकदम, बाकीची तिच्या हातातून मी कशीबशी काढून घेतली. काका म्हणतात शनिवारी सोनाराकडे नेऊन चांदी वजनावर मोडू आणि चौघांत पैसे वाटून घेऊ. चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो मला दोन-चार तांब्याची दे, आठवण म्हणून घेऊन जातो. आणि दुसऱ्या भावाने कुठलातरी व्हिडिओ बघून एका माणसाला फोटो पाठवले, तर तो म्हणे रामदरबारच्या नाण्याचे ३५ लाख मिळतील, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे २,५०० भरा, वर रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्रही पाठवलंय त्याने.

मला यातलं काहीच कळत नाही पण वजनावर मोडायला मन होत नाहीये. शनिवारच्या आत काकांना काय सांगू?

शिवराईवेडा

वैशालीताई, सगळ्यात आधी ते २,५०० भरू नका, आणि भरले असतील तर पुढचा एक रुपयाही नको. आणि दुसरं, कुठल्याच नाण्याला आता चिंच, लिंबू, भांड्याची पावडर, टूथपेस्ट काही म्हणजे काही लागता कामा नये. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो काळपट तपकिरी थर बसतो ना तो घाण नाहीये, तो नाण्याचाच भाग झालेला असतो, त्यानेच आतला धातू टिकतो. आंबट लावलं की तो थर जातो आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडा पण जातात. काकूंनी घासलेली तीन आता परत तशी होणार नाहीत, पण टाकू नका, साध्या पाण्याने आंबटपणा पूर्ण धुऊन नीट कोरडी करा आणि वेगळी ठेवा.

तुमच्या वर्णनावरून ती २३ नाणी शिवराई आहेत याबद्दल मला तरी शंका नाही. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र / पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. आता अक्षरं काठाबाहेर का गेली तर ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यावर हातोड्याने घाव घालायचा, घाव जिथे बसला तेवढंच नाण्यावर उमटायचं. म्हणून एका नाण्यावर श्री राजा दिसतं तर दुसऱ्यावर नुसतं शिव. तुम्ही असं करा, रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलची बॅटरी नाण्याला अगदी आडवी धरा, टेबलाला टेकवून, वरून नाही. झिजलेलं अक्षर सावलीमुळे उठून येतं. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा ज्याला मी कोरा तुकडा समजत होतो त्यावर छत्र मधला त्र दिसला होता, त्या रात्री झोप लागली नाही मला.

पण एक नीट समजून घ्या, शिवराई म्हणजे प्रत्येक महाराजांच्याच हयातीतली असं नसतं. हे नाणं लोकांच्या हातात इतकं रुळलं की पुढे छत्रपतींच्या वारसांनी पाडलं, पेशवाईत पाडलं, पेशवाई गेल्यावर इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळातही ते चालत होतं. अक्षरांच्या मधून दोन समांतर रेघा गेलेल्या दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, उशिराची. काहींवर शिव ऐवजी सिव किंवा सीव असतं, काहींवर पान, चंद्र-सूर्य अशी चिन्हं असतात. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि सोनाराच्या काट्यावर वजन लिहून घ्या, पूर्ण शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते, त्याच्या निम्म्याची भरली तर अर्धी शिवराई असेल. साध्या दुदांडीचे फार पैसे येत नाहीत, काही शे रुपये फार तर, त्यामुळे काकांना लाखांचं स्वप्न दाखवू नका. पण मोडीत तांबं म्हणून ती गेली तर माझ्यासारख्या माणसाला खरंच गलबलून येतं हो. ज्या पैशाने आपल्या पूर्वजांनी मीठ-मिरची घेतली तो पैसा आहे तो.

अमेरिकेतल्या भावाला मात्र स्पष्ट नाही म्हणा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, आठवण म्हणून खिशात घालून पण नाही. फोटो द्या त्याला छान फ्रेम करून.

गोदाकाठ_नाशिक

शिवराईवेडा यांनी तांब्याचं सगळं सांगितलंच आहे, मी चांदीचं सांगतो कारण माझा संग्रह मुख्यतः कलदारांचाच आहे, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या रुपयांचा.

१८३५ पासून कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. तुमच्या ५ राणीछापांवर नुसतं क्वीन लिहिलंय की एम्प्रेस ते बघा, एम्प्रेस असेल तर १८७७ किंवा नंतरचा. १८६२ साल असलेले खूप दिसतात त्याचं कारण पुढची बरीच वर्षं तेच साल ठेवून रुपये पाडले जात होते, आणि वर्ष ओळखायला बारीक ठिपके टाकलेले असायचे, भिंग घेऊन ठिपके मोजणं हा आमच्यातल्या काही जणांचा रविवारचा उद्योग आहे. राजाच्या रुपयांत १९११ साल असलेला सापडला तर तो बाजूला काढा. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमान समाजात मोठी नाराजी झाली आणि सरकारने ती नाणी थांबवून पुढच्या वर्षी हत्ती नीट सोंडेसकट काढला. आणि १९३९ सालचा निघाला तर आनंदाने उड्या मारायच्या आधी जाणकाराला दाखवा, तो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याचे खोटे फार फिरतात, दुसऱ्या सालाचा आकडा खरवडून ३९ केलेले.

१९४० पासून चांदी निम्म्यावर आली, ५० टक्के, महायुद्ध चालू होतं आणि चांदीची टंचाई. या रुपयांच्या कडेला मधोमध एक खाच आहे, बोटाने लगेच कळते. वाघाचा रुपया १९४७ चा, तो चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा, चटकन चिकटेल. म्हणजे सोनाराकडे गेलात तर १५ च्या १५ एका भावात जाणार नाहीत हे काकांना आधीच सांगा, नाहीतर तिथे वाद होतात. आणि सोनार फक्त वजन बघणार, साल बघणार नाही, टाकसाळ बघणार नाही.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. २००९ मध्ये मी सगळी नाणी एका जाड मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये घातली, दुकानातून मोठ्या हौसेने आणला होता, आणि चार वर्षं उघडून बघितला नाही. उघडला तर आत कसला तरी नवीन चपलेसारखा वास, आणि प्रत्येक नाण्यावर हिरवट चिकट थर. ते पीव्हीसी होतं. त्यातले सहा रुपये वडिलांच्या वडिलांचे होते, आज पण त्यांच्यावर डाग आहेत. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात ज्यात पातळ पारदर्शक खिडकी असते, दहा-पंधरा रुपयांत काम होतं, तेच घ्या. तोपर्यंत साध्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या चालतील. आणि नाणं कायम कडेला धरायचं, चेहऱ्यावर अंगठा टेकवायचा नाही, घामाचा ठसा चांदीवर कायमचा बसतो.

जमलं तर एकदा नाशिकला या, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभी केलेली, तिथलं संग्रहालय बघितलं की डोळे उघडतात. आणि इथून जवळच जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या १३ हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, त्यातल्या ९ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवलेला. शत्रूला हरवलं आणि त्याच्याच नाण्यावर आपली मोहोर मारली! सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं याचा हा हातात धरता येईल असा पुरावा आहे. हीच नाणी त्या वेळी कोणी मोडीत दिली असती तर?

ठाणेकर_अनघा

वैशाली, त्या रामदरबारच्या नाण्याबद्दल. ते कंपनीचं नाणं नाहीये, कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही. देवघरात ठेवायला म्हणून असे टोकन बनवायचे, रामटंका म्हणतात, त्यातले काही चांगले जुने पण असतात, पण १८१८ आणि ईस्ट इंडिया कंपनी असं लिहिलेले सगळे नंतर कोणीतरी बनवलेले. आजीने पूजेत ठेवलं असेल तर पूजेतच ठेवा. त्यावरून तांदूळ स्वतःकडे ओढणारं चमत्कारी नाणं वगैरे सांगून लोकांना लाखोंना फसवलंय.

आणि ते रिझर्व्ह बँकेचं पत्र खोटं आहे. बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर सांगितलंय की जुनी नाणी-नोटा विकण्या-घेण्याशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलंही कमिशन किंवा फी घेत नाही. माझ्या सासऱ्यांनी असेच आधी ९०० मग ४,२०० मग जीएसटी म्हणून ११,००० भरले होते, वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्यासाठी, जे आजही भाजीवाल्याकडे सुट्ट्यात मिळतं. ते आजही कोणाशी यावर बोलत नाहीत. भावाने आधारचा फोटो पाठवला असेल तर आजच सायबरच्या १९३० नंबरवर फोन करा.

नोटांच्या घड्या उलगडायला इस्त्री फिरवू नका हं, प्लीज. हळूच उघडून जाड वहीत दोन दिवस ठेवा. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवाची असते, कारण ती नोट बँकेची नाही तर भारत सरकारची, त्या सह्यांवरूनच साल लावतात.

माजी_सुभेदार

ताई, सगळ्यांनी नाण्यांवर लिहिलं, पदकाकडे कोणीच बघितलं नाही म्हणून लिहितोय. घाईत आहे पण हे आजच सांगितलं पाहिजे.

एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावर उघडा पुरुष, आणि घोड्याच्या बाजूला बारीक १९१४ आणि १९१८ असे आकडे असतील. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल आहे ते. रुंदी ३६ मिलिमीटर, चांदीचं. रिबिन असेल तर मधे नारिंगी पट्टा आणि दोन्ही बाजूंना पांढरा, काळा, निळा, पण ती बहुतेक गेली असेल.

आता काय करा, पदक उभं धरा आणि त्याची कड बघा. चेहरा नाही, मागची बाजू नाही, कड. गोल फिरवत जा. या पदकांच्या कडेवर ज्याला दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मळ बसला असेल तर मऊ कोरड्या कापडाने नुसतं टिपा, घासू नका, अक्षरं फार उथळ असतात.

मी साताऱ्याचाच आहे. आमच्या शेजारच्या आपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण परत आले नाहीत, गावाचं नावच आपशिंगे मिलिटरी पडलं. या भागातल्या किती घरांत अशी पदकं होती आणि दुष्काळात, लग्नात, आजारपणात सोनाराकडे चांदी म्हणून वितळली याचा हिशोब नाही. वितळवलं की त्या माणसाचं नाव पण वितळतं. नाणं दुसरं मिळेल, ते नाव असलेलं पदक जगात एकच आहे. बघा आणि इथे लिहा.

कृष्णाकाठची_वैशाली

सुभेदारसाहेब, काय लिहू कळत नाहीये, हात थरथरतायत अजून.

रात्री जेवणं झाल्यावर आईच्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्याने कड टिपली आणि मोबाईलच्या उजेडात फिरवत बसले. आधी काहीच दिसेना, नुसता काळा मळ. मग चार आकडे लागले. मग एस ई पी ओ वाय, म्हणजे सिपॉय, शिपाई. मग थोडं झिजलेलं, मग आमच्या पणजोबांचं नाव, स्पेलिंग वेडंवाकडं आहे पण तेच, आजोबांच्या सातबाऱ्यावर वडिलांचं नाव म्हणून जे लिहिलंय ते. आणि त्यापुढे १०३ आणि मराठा एल आय असं काहीतरी.

आम्हाला घरात एवढंच माहीत होतं की पणजोबा बसऱ्याला गेले होते. आजी सासरी आली तेव्हा ते नव्हतेच, पणजी होती. पणजी दर अमावास्येला एक नैवेद्य माळ्याच्या शिडीच्या पायरीवर ठेवायची असं आजी सांगायची आणि आम्ही लहानपणी विचारायचो माळ्यावर कोण आहे तर ती काही बोलायची नाही. मला आत्ता लिहिताना समजतंय की डबा तिथेच होता.

काकांना रात्रीच फोन करून कडेवरचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले परत वाच.

माजी_सुभेदार

ताई, १०३ मराठा लाइट इन्फंट्री. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात होती, म्हणजे आजचं इराक. बसऱ्याहून तैग्रीस नदीच्या काठाने ती फौज वर बगदादच्या दिशेने गेली, टेसिफोनला थांबली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी शेवटी रसद संपली, घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या कित्येक जवानांनी धर्मामुळे ते मांस बरेच दिवस नाकारलं आणि उपासमारीने खंगले. शरण आले तेव्हा साधारण १३ हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून चालत नेली, त्यातली खूप वाटेतच गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या.

पण लगेच असं धरून चालू नका की पणजोबा कुतलाच होते. जखमींच्या जागी भरतीच्या तुकड्या मागाहून पण जात होत्या, काही बसऱ्यालाच राहिल्या. हे पदक जिवंत परतलेल्यांनाही मिळालं आणि गेलेल्यांच्या घरीही आलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिच्या साइटवर नाव, नंबर आणि पलटण टाकून शोधा, स्पेलिंग चार-पाच प्रकारे बदलून बघा, कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. बसऱ्याला जे युद्धस्मारक आहे त्यावर ४० हजारांवर जणांची नोंद आहे. नंबर जुळला तर मग तारीख पण मिळेल. तसंच बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथे साधं पत्र टाका, मराठीत चालेल, पदकाच्या कडेचे फोटो जोडा आणि सातबाऱ्याची प्रत पण जोडा.

तुटलेली कडी आत्ता सोनाराकडून जोडून घेऊ नका. गरम केलं की कडेवरची अक्षरं बिघडतात.

शिवराईवेडा

वैशालीताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. शिवराईंचे फोटो सवडीने टाका, घाई नाही, मी एकेक वाचून देईन. ज्या फडक्यात बांधलं होतं ते फडकं पण टाकू नका. धुऊ पण नका.

कृष्णाकाठची_वैशाली

फडकं ठेवलंय, हिरव्या काठाचं आहे, पणजीच्याच लुगड्याचं असणार.

कमिशनच्या साइटवर तीन स्पेलिंगनी काही आलं नाही, चौथ्याने एक नोंद आलीय, नंबरचे चारही आकडे जुळतात. तारीख आहे १९१६ च्या ऑगस्टमधली. म्हणजे वेढा उठल्यावरची, कैदेतली असावी असं वाटतं, सुभेदारसाहेब तुम्ही एकदा बघाल का, लिंक तुम्हाला निरोपात पाठवलीय.

शनिवारी काका सोनाराकडे जाणार नाहीत. ते कऱ्हाडहून इकडे येतायत, म्हणाले चौघांनी मिळून बेळगावचं पत्र लिहू, अक्षर माझं चांगलं आहे तर मीच लिहायचं. काकू विचारत होती ती तीन नाणी परत काळी करता येतील का म्हणून, तिला सांगितलं की राहू देत तशीच, वेगळ्या पुडीत ठेवलीत.